येणाऱ्या जोडण्यांसाठी सर्व्हरची संरचना

येणाऱ्या जोडण्यांसाठी सर्व्हरची संरचना म्हणजे संगणक जालावरील इतर संगणकांकडून येणाऱ्या जोडणीच्या विनंत्या एखाद्या सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर स्वीकाराव्यात हे ठरवून देण्याची प्रक्रिया होय. संकेतस्थळे, ई-मेल, डेटाबेस, दूरस्थ प्रवेश अशा सर्व सेवा या प्रक्रियेवर अवलंबून असतात.

सर्व्हरवर एखादी सेवा चालू असणे आणि ती बाहेरून उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून आलेल्या विनंतीला सेवेपर्यंत पोहोचण्यासाठी सामान्यतः चार टप्पे ओलांडावे लागतात: सर्व्हरबाहेरील राउटर किंवा मेघसेवेचे नियम, सर्व्हरवरील फायरवॉल, सेवेचा श्रवण पत्ता आणि सेवेची स्वतःची ओळख-तपासणी. हे टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. त्यांपैकी एकही बंद असल्यास सेवा वापरता येत नाही, आणि सर्वच विनाअट उघडे असल्यास ती जगातील कोणालाही वापरता येते.

पार्श्वभूमी

आंतरजालावरील बहुतेक जोडण्या टीसीपी या प्रोटोकॉलनुसार होतात. त्याचे प्रमाणभूत वर्णन सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जालाने टीसीपी व आयपी हे प्रोटोकॉल स्वीकारले. त्याच वर्षी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसृत केली. तिच्यातील सॉकेट ही संकल्पना पुढे जवळजवळ सर्व संचालन प्रणालींनी स्वीकारली.

या पद्धतीत सर्व्हरवरील आज्ञावली चार पायऱ्यांनी काम करते. ती प्रथम सॉकेट निर्माण करते. नंतर ‘बाइंड’ या क्रियेने ते सॉकेट विशिष्ट आयपी पत्ता व पोर्ट क्रमांकाशी बांधते. ‘लिसन’ या क्रियेने त्या ठिकाणी विनंत्या ऐकू लागते, आणि ‘ॲक्सेप्ट’ या क्रियेने प्रत्येक पूर्ण झालेली जोडणी ताब्यात घेते. ग्राहक संगणक व सर्व्हर यांच्यात तीन संदेशांची देवाणघेवाण झाल्यावर जोडणी प्रस्थापित होते. ग्राहक विनंती पाठवतो, सर्व्हर तिला मान्यता देतो आणि ग्राहक त्या मान्यतेची पोच देतो. आज्ञावलीने ताब्यात घेईपर्यंत अशा जोडण्या संचालन प्रणालीच्या रांगेत थांबतात. लिनक्समध्ये या रांगेची मूलभूत कमाल मर्यादा पूर्वी १२८ होती, ५.४ या आवृत्तीपासून ती ४०९६ करण्यात आली.

पोर्ट क्रमांक

एकाच आयपी पत्त्यावर अनेक सेवा चालवता याव्यात म्हणून पोर्ट क्रमांक वापरले जातात. ही संख्या १६ बिटांची असल्याने ती ० ते ६५५३५ या दरम्यान असते. क्रमांकांच्या वाटपाची नोंद आयएएनए ही संस्था ठेवते. तिच्या वर्गीकरणानुसार ० ते १०२३ हे प्रणाली पोर्ट, १०२४ ते ४९१५१ हे नोंदणीकृत पोर्ट आणि ४९१५२ ते ६५५३५ हे तात्पुरत्या वापराचे पोर्ट होत. दूरस्थ प्रवेशाच्या एसएसएचसाठी २२, ई-मेलच्या वहनासाठी २५, संकेतस्थळांसाठी ८० आणि कूटबद्ध संकेतस्थळांसाठी ४४३ हे क्रमांक सर्वपरिचित आहेत. युनिक्सच्या परंपरेतील प्रणालींमध्ये १०२४ पेक्षा लहान क्रमांकावर ऐकण्यासाठी सामान्यतः प्रशासकीय अधिकार लागतात.

श्रवण पत्ता

सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकते यावरून ती कोणापर्यंत पोहोचू शकते हे ठरते. १२७.०.०.१ हा पत्ता संगणकाचा स्वतःसाठीचा अंतर्गत पत्ता आहे. त्यावर ऐकणारी सेवा केवळ त्याच संगणकावरील आज्ञावलींना उपलब्ध असते. फायरवॉल पूर्ण उघडी असली तरी बाहेरचा संगणक तिच्याशी जोडला जाऊ शकत नाही. ०.०.०.० हा पत्ता दिल्यास सेवा संगणकाच्या सर्व आयपीव्ही४ पत्त्यांवर ऐकू लागते. एकाहून अधिक जालांना जोडलेल्या सर्व्हरवर यांच्यामधला मार्गही असतो: केवळ अंतर्गत जालाकडील पत्ता देऊन आंतरजालाकडील बाजू बंद ठेवता येते.

लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने कोणती सेवा कोठे ऐकत आहे याची यादी पाहता येते. सेवा बाहेरून उपलब्ध होत नसल्यास सर्वप्रथम ही यादी तपासणे सोयीचे असते.

फायरवॉल

फायरवॉल ही सर्व्हरवर येणाऱ्या व त्यावरून जाणाऱ्या पॅकेटांना ठरलेल्या नियमांनुसार वाट देणारी किंवा अडवणारी यंत्रणा आहे. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या २.४ आवृत्तीपासून आयपीटेबल्स आणि २०१४ मधील ३.१३ आवृत्तीपासून एनएफटेबल्स ही यंत्रणा उपलब्ध आहे. उबुंटूवर यूएफडब्ल्यू आणि रेड हॅट परिवारातील प्रणालींवर फायरवॉलडी ही त्यांची सुलभ साधने वापरात आहेत. विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

येणारी प्रत्येक जोडणी नाकारावी आणि आवश्यक तेवढ्याच पोर्टना अपवाद करावा, हे प्रचलित तत्त्व आहे. सर्व्हरने स्वतः सुरू केलेल्या जोडण्यांची उत्तरे फायरवॉल ओळखत असल्याने त्यांच्यासाठी वेगळा नियम लागत नाही. दूरच्या सर्व्हरवर मात्र क्रमाला महत्त्व असते. एसएसएचच्या पोर्टला परवानगी देण्यापूर्वी ‘सर्व नाकारा’ हा नियम लागू केल्यास प्रशासकाचाच प्रवेश बंद होतो. फायरवॉलडीमध्ये केलेला बदल कायमस्वरूपी म्हणून नोंदवला नाही, तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तो नाहीसा होतो.

राउटर आणि खाजगी पत्ते

घरातील व कार्यालयातील संगणकांना बहुधा खाजगी आयपी पत्ते दिलेले असतात. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते यासाठी राखून ठेवलेले आहेत. आंतरजालावरून या पत्त्यांपर्यंत थेट पोहोचता येत नाही. त्यामुळे राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावरील विशिष्ट पोर्टवर आलेली विनंती आतील विशिष्ट संगणकाकडे वळवण्याचा नियम राउटरमध्ये करावा लागतो. यास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

काही सेवापुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतात. यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरला बाहेरच्या बाजूने असा पत्ता मिळाला असल्यास घरच्या राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग पुरेसे ठरत नाही. अशा वेळी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेणे, आयपीव्ही६ वापरणे किंवा बाहेरील एखाद्या सर्व्हरमार्फत बोगदा उभारणे हे पर्याय उरतात. मेघसेवेवरील सर्व्हरबाबत राउटरचे हे काम पुरवठादाराच्या नियंत्रण पटलावरील नियम करतात. ते सर्व्हरच्या आतील फायरवॉलपासून वेगळे असतात.

उदाहरण: पोस्टग्रेएसक्यूएल

पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेस प्रणालीत वरील टप्पे स्पष्टपणे वेगळे दिसतात. तिचा नेहमीचा पोर्ट ५४३२ आहे. मूळ स्थितीत ती केवळ स्थानिक पत्त्यावर ऐकते. दुसऱ्या संगणकावरून तिचा वापर करायचा असल्यास मुख्य संरचना फाइलमधील श्रवण पत्त्याची नोंद बदलून सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

एवढ्याने प्रवेश मिळत नाही. दुसऱ्या एका फाइलमध्ये कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या डेटाबेसमध्ये आणि कोणत्या पद्धतीने ओळख पटवून यावे याचे नियम ओळीने लिहिलेले असतात. ते वरून खाली तपासले जातात आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. त्या ओळीनुसार ओळख पटली नाही, तर पुढच्या ओळींचा विचार होत नाही. या फाइलमधील बदलासाठी सेवा थांबवावी लागत नाही, संरचना पुन्हा वाचण्याची आज्ञा पुरते. सर्व पत्त्यांना परवलीच्या शब्दाविना प्रवेश देणारी एक ओळ या फाइलमध्ये लिहिली गेली, तर डेटाबेसची ओळख-तपासणी निरर्थक ठरते.

दोषनिदान

जोडणी अयशस्वी होण्याच्या प्रकारावरून ती कोणत्या टप्प्यावर अडली याचा अंदाज बांधता येतो. ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर लगेच आल्यास विनंती बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते, परंतु त्या पत्त्यावर व पोर्टवर कोणतीही सेवा ऐकत नसते. काही फायरवॉलही असेच उत्तर देतात. बराच वेळ वाट पाहून मुदत संपल्यास विनंती वाटेत फायरवॉलने किंवा राउटरने उत्तर न देता टाकून दिल्याची शक्यता अधिक असते. परवलीचा शब्द किंवा परवानगी यांविषयीचा संदेश आल्यास जालातील सर्व टप्पे पार पडलेले असून अडचण सेवेच्या स्वतःच्या नियमांत असते.

तपासणी आतून बाहेर करणे सोयीचे ठरते. प्रथम सर्व्हरवरूनच, नंतर त्याच जालातील दुसऱ्या संगणकावरून आणि शेवटी बाहेरील जालावरून जोडणी करून पाहिली जाते. ज्या पायरीवर अपयश येते, तिच्या अलीकडचे टप्पे निर्दोष मानता येतात.

सुरक्षा

जोडणी होत नाही म्हणून श्रवण पत्ता ०.०.०.० करणे, फायरवॉल बंद करणे आणि ओळख-तपासणी शिथिल करणे हे उपाय एकत्र योजले जातात. त्यानंतर सेवा चालू होते. परंतु नेमका कोणता टप्पा बंद होता हे कळत नाही आणि उघडे केलेले इतर टप्पे तसेच राहून जातात. सर्व्हरचा पत्ता कोणाला सांगितलेला नाही, ही बाब त्याचे संरक्षण करत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या झेडमॅप या साधनाने एका पोर्टसाठी सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांची संपूर्ण पाहणी एका संगणकावरून ४५ मिनिटांच्या आत करता येते, असे दाखवून दिले.

याचे परिणाम मोठ्या प्रमाणावर दिसून आले आहेत. २०१७ च्या प्रारंभी आंतरजालावर परवलीच्या शब्दाविना उघडे असलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस अज्ञात व्यक्तींनी रिकामे केले आणि माहिती परत देण्यासाठी खंडणीची मागणी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मोंगोडीबी मूळ स्थितीत केवळ स्थानिक पत्त्यावर ऐकू लागली. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या सेवेवर प्रतिसेकंद १.३५ टेराबिट इतक्या वेगाच्या रहदारीचा मारा झाला. त्यासाठी आंतरजालावर यूडीपी पोर्ट ११२११ उघडा असलेले मेमकॅश्ड सर्व्हर वापरले गेले होते. या घटनेत सर्व्हर उघडा ठेवणाऱ्यांऐवजी तिसऱ्याच पक्षाला हानी पोहोचली.

आवश्यक म्हणून उघडलेल्या पोर्टवरही मारा होऊ शकतो. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या सेवापुरवठादाराच्या सर्व्हरवर अर्धवट जोडण्यांचा भडिमार झाला, त्यामुळे खऱ्या ग्राहकांच्या विनंत्यांना रांगेत जागा उरली नाही. त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टीन यांनी सिन कुकी ही पद्धत सुचवली. तिच्यात सर्व्हर अर्धवट जोडणीची नोंद न ठेवता पोच आल्यावरच ती ग्राह्य धरतो.

प्रचलित शिफारशी

सेवा आवश्यक तेवढ्याच पत्त्यावर ऐकावी, फायरवॉलमध्ये शक्य तेथे येणाऱ्याचा पत्ताही नमूद करावा आणि प्रत्येक सेवेला ओळख-तपासणी व कूटबद्ध संदेशवहन असावे, अशी शिफारस केली जाते. डेटाबेससारखी सेवा सहसा आंतरजालावर थेट खुली केली जात नाही. ती स्थानिक पत्त्यावर ठेवून एसएसएच बोगद्यातून किंवा आभासी खाजगी जालातून तिच्यापर्यंत पोहोचता येते. त्यामुळे बाहेर केवळ एकच पोर्ट उघडा ठेवावा लागतो. दोषनिदानासाठी केलेला प्रत्येक तात्पुरता बदल नोंदवून ठेवणे आणि काम झाल्यावर मागे घेणे हाही या संरचनेचाच भाग मानला जातो.

हे सुद्धा पाहा

आयपी पत्ता
टीसीपी
फायरवॉल
आभासी खाजगी जाल