भय आणि बालसुरक्षा : १९७० च्या दशकातील ब्रिटिश लोकशिक्षणपर लघुपट

प्रस्तावना :
मुलाने धोक्याच्या जागी जाऊ नये म्हणून त्याला बागुलबुवाची भीती घालण्याची रीत जुनी आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये हेच काम शासकीय यंत्रणेने चित्रपटाच्या माध्यमातून केले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या 'सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन' या संस्थेचे लोकशिक्षणपर लघुपट दूरचित्रवाणी वाहिन्यांना विनामूल्य मिळत आणि कार्यक्रमांमधील मोकळ्या वेळेत दाखविले जात. १९८२ पर्यंत त्या देशात तीनच वाहिन्या होत्या. त्यामुळे करमणुकीसाठी बसलेल्या मुलासमोर हे लघुपट कोणत्याही पूर्वसूचनेविना येत. या भयाने मुलांना नेमके काय शिकविले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भयाचे स्वरूप :
जेफ ग्रँट दिग्दर्शित 'लोनली वॉटर' (१९७३) हा सुमारे दीड मिनिटाचा लघुपट आहे. काळा झगा पांघरलेली, चेहरा नसलेली एक आकृती पाणवठ्यांच्या काठी निष्काळजी मुलांची वाट पाहते. तिला डोनाल्ड प्लेझन्स या अभिनेत्याचा संथ, थंड आवाज लाभला आहे. जॉन मॅकेन्झी दिग्दर्शित 'अपाचीज' (१९७७) मध्ये शेतावर खेळणारी मुले ट्रॅक्टर, मलमूत्राचा खड्डा, विषारी द्रव्य अशा कारणांनी एकामागून एक मरण पावतात. अखेरीस शेतावरील अपघातांत प्रत्यक्ष दगावलेल्या मुलांची नावे पडद्यावर येतात. जॉन क्रिश यांनी 'ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्स'साठी केलेल्या 'द फिनिशिंग लाइन' (१९७७) मध्ये शाळेच्या क्रीडास्पर्धा चक्क रेल्वेरुळांवर भरतात आणि स्पर्धक रक्तबंबाळ होतात.

या लघुपटांत पडका वाडा किंवा स्मशान नाही. तळे, शेत, रूळ ही मुलांच्या रोजच्या वावरातील स्थळेच येथे भीतिदायक ठरतात. म्हणूनच पडदा विझल्यावरही भीती मागे उरत असे.

भय आणि उपाय :
भयाधारित संदेशांविषयी किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेला सिद्धांत येथे उपयुक्त ठरतो. धोक्याच्या जाणिवेबरोबर तो टाळण्याचा शक्य मार्गही दिसला, तरच माणूस वर्तन बदलतो. मार्ग न दिसल्यास तो धोक्याचा विचारच टाळू लागतो, असे हा सिद्धांत सांगतो. 'लोनली वॉटर'मध्ये समंजस मुले बुडणाऱ्या मुलाला बाहेर काढतात आणि त्या आकृतीचा झगा रिकामा होऊन खाली कोसळतो. भयाला उत्तर असल्याचे बालप्रेक्षकाला दिसते. 'द फिनिशिंग लाइन'मध्ये मात्र असा मार्ग क्षीण आहे. शिवाय धोकादायक कृत्यालाच स्पर्धेचे रूप दिल्यामुळे अनुकरणाची शक्यता उरते. हा लघुपट बालकांसाठी अतिभयंकर असल्याची टीका झाली. १९७९ मध्ये तो मागे घेण्यात आला आणि त्याऐवजी 'रॉबी' हा तुलनेने सौम्य लघुपट आला.

समारोप :
अपघात टळण्यामागे कुंपणे, कायदे, पोहण्याचे शिक्षण व पालकांची दक्षता असे अनेक घटक असतात. त्यांतून लघुपटांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. मात्र एक भेद स्पष्ट होतो. भय मुलाचे लक्ष वेधते. त्याचे रक्षण मात्र त्या भयासोबत दिलेली कृती करते. मुलाला घाबरविणाऱ्या प्रत्येक माध्यमाने, त्याने पुढे काय करावे, हेही त्याच वेळी सांगणे हे त्या माध्यमाचे नैतिक उत्तरदायित्व ठरते.