विमानाच्या पाठीमागे उभे राहू नका

विमान बघायचे वेड वयाबरोबर जाते असा एक समज आहे. तो खोटा आहे. डोक्यावर घरघर सुरू झाली की आजही मान आपोआप वर होते. माझी तरी होते. पण विमान बघायचे म्हणजे किती जवळून? त्याच्या चाकांच्या रबरावरच्या खाचा दिसतील इतक्या जवळून बघायचे असेल, तर त्यासाठी जगात एक प्रसिद्ध जागा आहे. तिच्याविषयी आज थोडे सांगायचे आहे.

कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा तालुक्याहूनही लहान. तरी त्याच्यात दोन वाटेकरी. १६४८ साली फ्रेंच आणि डच यांनी करार करून ते वाटून घेतले आणि ती वाटणी आजही टिकून आहे. विमानतळ डच भागात आहे आणि त्याला नेदरलँड्सच्या राजकन्या ज्युलियाना यांचे नाव आहे. धावपट्टीचे पश्चिम टोक संपते तिथे तारेचे कुंपण, कुंपणाला लागून एक अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे माहो नावाची चिंचोळी पुळण. पुढे समुद्र. २०१९च्या जानेवारीत मी या पुळणीवर कॅमेरा घेऊन चार दुपारी घालवल्या.

विमाने इथे इतकी खाली का येतात? अनेकांना वाटते, वैमानिक लोकांना करामत दाखवतो. तसे काही नाही. जगातल्या बहुतेक विमानतळांवर विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. एक किलोमीटर पुढे सरकताना ते सुमारे ५२ मीटर खाली उतरते. धावपट्टीच्या सुरुवातीला ते सुमारे पन्नास फुटांवर, म्हणजे १५ मीटरवर असावे असा संकेत आहे. आता तुम्ही तिथून शंभर मीटर मागे उभे राहिलात, तर विमान तुमच्या डोक्यावर वीसेक मीटरवर येणार. सहा-सात मजली इमारतीची गच्ची समजा. इतर ठिकाणी या जागेवर विमानतळाचे मोकळे रान असते आणि तिथे कोणाला जाऊ देत नाहीत. बेटावर एवढी जमीनच नाही, म्हणून तिथे माणसे टॉवेल अंथरून पडलेली असतात. शिवाय धावपट्टी २३०० मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी ३४०० मीटरहून लांब आहे. त्यामुळे माहोला वैमानिक सुरुवातीची जागा वाया घालवत नाही.

दुसरा प्रश्न, सगळी विमाने समुद्राकडूनच का येतात? त्याचे उत्तर वाऱ्यात आहे. विमान उतरताना आणि उडताना वारा समोरून घेते, म्हणजे कमी धावेत काम भागते. मुंबईत बहुतेक वेळा वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात आणि जुहूच्या बाजूला समुद्रावर उडतात. सेंट मार्टिनला उलटे आहे. तिथे व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. विमान समुद्रावरून, पुळणीवरून येते आणि पूर्वेला तोंड करून उतरते. हा वारा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

आता फोटोविषयी. नवखा माणूस लांब पल्ल्याची मोठी लेन्स घेऊन येतो आणि विमान डोक्यावर आले की त्याला फक्त एक चाक मिळते. जवळून काढायचे तर रुंद कोनाची लेन्स हवी, म्हणजे विमान, माणसे आणि समुद्र एका चौकटीत बसतात. मोठी लेन्स बाजूला दूर उभे राहून वापरावी. मात्र ती अंतरे दाबून दाखवते. चाके लोकांच्या केसांना लागतात असे वाटणारी अनेक छायाचित्रे खोटी नसतात, पण त्यांत लेन्सची ही करामत असते. जेटसाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके वेगवान ठेवावे. पंख्याच्या छोट्या विमानांसाठी ते बरेच मंद करावे, नाहीतर पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. आकाश फार उजळ असल्याने विमानाचे पोट काळे पडते, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा. मग त्या पांढऱ्या पोटावर खालच्या समुद्राची हिरवी-निळी छटा उमटलेली दिसते. ती मी प्रत्यक्ष बघेपर्यंत मला खरी वाटली नव्हती.

ॲमस्टरडॅमहून येणारे केएलएमचे जंबो जेट हे इथले मोठे आकर्षण होते. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने या मार्गावर जंबो पाठवणे थांबवले. तरी युरोपातून मोठी विमाने येतात आणि ती यायच्या वेळेला पुळणीवर जत्रा भरते. जवळच्या उपाहारगृहात उभ्या केलेल्या सर्फबोर्डवर विमानांच्या वेळा लिहून ठेवण्याची प्रथाही प्रसिद्ध आहे.

उतरणारे विमान भीतिदायक दिसते, पण ते ताशी २५० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघून जाते आणि त्याची इंजिने तेव्हा बरीच मंद असतात. टोपी उडते, वाळू अंगावर येते, दोन-तीन सेकंदांत संपते. खरा धोका उडणाऱ्या विमानाचा आहे. वारा पूर्वेचा, म्हणून उडणारे विमानही पूर्वेलाच तोंड करते आणि धाव घ्यायला पुळणीकडच्या टोकाशी येऊन उभे राहते. त्याची शेपटी लोकांकडे असते. धावपट्टी आखूड, म्हणून अनेकदा वैमानिक ब्रेक दाबून ठेवतो, इंजिनांना जोर देतो आणि मग सोडतो. इंजिन हवा मागे फेकते म्हणूनच विमान पुढे जाते. मागे फेकलेली ती हवा कुंपणापाशी चक्रीवादळाच्या जोराने येते. काही जण मुद्दाम कुंपणाच्या तारा धरून तिच्यात लोंबकळतात. इजा होईल, मृत्यूही येईल, असा फलक शेजारी लावलेला असतो. लोक त्याचाही फोटो काढतात.

१२ जुलै २०१७ रोजी न्यूझीलंडहून आलेल्या ५७ वर्षांच्या एक पर्यटक महिला तिथे उभ्या होत्या. उडणाऱ्या विमानाच्या झोताने त्या मागे फेकल्या गेल्या, डोक्याला मार लागला आणि त्यांचा मृत्यू झाला. ते विमान जंबो नव्हते. बोईंग ७३७ होते, आपल्याकडे देशांतर्गत फेऱ्या करणारे मध्यम आकाराचे विमान.

त्याच वर्षी सप्टेंबरात इर्मा चक्रीवादळ या बेटावर आदळले आणि विमानतळाच्या इमारतीची दाणादाण झाली. काही काळ प्रवाशांची सोय तंबूंत करावी लागली. वादळ येते म्हटल्यावर या बेटावरची माणसे खिडक्यांना फळ्या ठोकून आत बसतात. कुंपणाजवळच्या वाऱ्यासाठी मात्र लोक विमानाचे तिकीट काढून येतात. मला वाटते, याचे कारण साधे आहे. डोक्यावरून येणारे विमान डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची भीती वाटते. मागून सुटणारी हवा दिसत नाही.

तेव्हा कोणी तिथे जाणार असाल तर जरूर जा. मुलांनाही न्या. पुळणीच्या बाजूच्या टोकाला, धावपट्टीच्या रेषेपासून दूर उभे राहा. मोठे विमान वळून त्याची शेपटी समुद्राकडे झालेली दिसली की कॅमेरा पिशवीत घाला, मुलांचा हात धरा आणि बाजूला व्हा. त्या वेळी काढण्यासारखा फोटो तसाही काही नसतो. नुसती वाळू येते.