डोंगरवाटेची विजार



धारणीहून सेमाडोहकडे निघालें म्हणजे मेळघाटाचे डोंगर दोहों बाजूंस उभे राहतात. पुढें चिखलदऱ्यास जाऊन गाविलगडाची वाट धरली, कीं साडीचा पदर व सलवारीचा घोळ येथें कामाचा नाहीं, हें काटेरी झुडपेंच शिकवितात. आपल्या आज्यांना ही अडचण फारशी नव्हती. कासोटा घातला कीं दोन्ही पाय मोकळे. आणि लुगडें ज्या अंगावर नेसावें त्याच अंगाचें होतें. तयार विजार मात्र कारखान्यानें कल्पिलेल्या बाईसाठीं बेतलेली असते.

ॲनी स्मिथ पेक या अमेरिकन बाई १८९५ सालीं विजार घालून मॅटरहॉर्न शिखर चढल्या, तेव्हां त्यांच्या चढाईइतकीच त्यांच्या विजारीचीही चर्चा झाली. आज तसें बोलणारे थोडे. आजचा तंटा मापाशीं आहे. माझी भाची कमरेच्या मापानें घेतलेली विजार घालून गाविलगडावर आली. चढणीला मांड्या आवळल्या, वांकतांना पाठ उघडी पडूं लागली. अर्ध्या वाटेवर ती खालीं बसली आणि म्हणाली, "आत्या, माझें अंगच बेढब आहे. मी पुन्हां येणार नाहीं."

अंग नव्हे, माप चुकलें होतें. विजार घेतांना कंबर न पाहतां नितंब व मांडी पहावी. सैल कापड आंत घेतां येतें. कमी पडलेलें आणावयाचें कोठून? तयार कपड्याच्या शिवणींत माया जेमतेम अर्ध्या बोटाची असते. स्त्रियांची विजार न मिळाल्यास पुरुषांची घ्यावी. तिचे खिसे तरी खोल असतात. दुकानांत आरशापुढें नुसतें उभें राहूं नये. एक पाय स्टुलावर ठेवावा, मग उकिडवें बसावें. मागचा पट्टा फार खालीं ओढला गेला, तर आसन अपुरें आहे. ती विजार घेऊं नये.

आतां दुरुस्ती. मागें कमरेशीं जेवढें कापड पोकळ राहतें तेवढें टांचण्यांनीं धरावें. पुरुषांच्या विजारीचा पट्टा बहुधा मागें मधोमध जोडलेला असतो, म्हणून काम सोपें. स्त्रियांच्या विजारीचा पुष्कळदां अखंड; तो उसवून कापावा लागतो. नवी शिवण वरून तिरपी उतरत नितंबांच्या उंचवट्यापाशीं जुन्या शिवणींत हळूच मिळावी. टीप एकदम थांबविली कीं तेथें कापडाचें टोंक उभें राहतें. घाईच्या शिंप्यांची ही नेहमींची चूक. दोन इंचांहून अधिक घ्यावयाचें असेल तर मागचे खिसे एकमेकांस भिडूं लागतात, म्हणून उरलेलें बाजूच्या शिवणींत वांटावें. आधीं कच्चा टाका घालून पुन्हां उकिडवें बसावें, मगच यंत्राची टीप मारावी.

आसनाशीं थोडाच ताण असेल तर चार शिवणी मिळतात तेथें शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा बसवावा. मोहरी कापतांना उरलेलें कापड त्यास पुरतें. ताणणाऱ्या कापडाला गोल टोंकाची सुई हवी आणि नायलॉनला इस्त्री अगदीं मंद.

भाचीच्या विजारीचें कांहीं झालें नाहीं. मांडींत मायाच नव्हती. दोन मापें मोठी दुसरी घेतली. धारणीच्या बाजारांतील शिंपीदादांनीं ती अडीच इंच आंत घेतली, दीड मागें व अर्धा-अर्धा बाजूंना. "ताई, बायायची प्यांट पयल्यांदाच हाती आली," ते म्हणाले. भाचीनें ती घालून त्यांच्या दुकानांतच उकिडवें बसून पाहिलें, आणि गाविलगडास पुन्हां केव्हां जावयाचें, हें तेथेंच विचारलें.