तरफेच्या रायफलीचे मोल

स्मिथ अँड वेसन या जुन्या अमेरिकन शस्त्रकारखान्याने २०२४ च्या जानेवारीत ‘मॉडेल १८५४’ ही तरफेने चालणारी रायफल विक्रीस काढली आणि तिच्या साध्या आवृत्तीची छापील किंमत १,२७९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने एक लाख रुपयांहून अधिक, ठेवली. तेव्हापासून तेथील शिकारी आणि संग्राहक यांच्यात तिच्या मोलाविषयी जो वाद माजला, तो शस्त्रांत रस नसलेल्या पण यंत्रविद्येविषयी जिज्ञासा असलेल्या वाचकानेही लक्षपूर्वक ऐकावा असा आहे. आक्षेप घेणाऱ्यांची कैफियत साधी आहे: दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा, अक्रोडाच्या लाकडाचा मागमूस नाही, ब्राझीलची रॉसी कंपनी १८९२ च्या विंचेस्टर रायफलीची प्रतिकृती याहून पुष्कळ स्वस्त देते, मग जिच्या मूळ पेटंटांची मुदत कधीच सरून गेली, त्या शतकापूर्वीच्या यंत्रणेसाठी एवढे द्रव्य का मोजावे?

या प्रश्नाचे उत्तर दस्त्यात नाही. ते पोलादी सांगाड्याच्या आत आहे. तरफ खाली व पुढे लोटली की प्रथम, नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टला रोखून धरणारा अडसर सरकतो. मग बोल्ट मागे येतो, त्याच्यावरचा आकडा रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, आणि मागे येता येता बोल्ट घोडा चढवून ठेवतो. नळीखालच्या लांब नळकांड्यात स्प्रिंगच्या रेट्याने दाटून बसलेल्या काडतुसांपैकी एक, आणि एकच, उचलणाऱ्या पट्टीवर उतरते, पट्टी ते वर धरते, आणि तरफ परतताना बोल्ट ते नळीच्या मागच्या तोंडात बसवतो व अडसर पुन्हा आपल्या जागी चढतो. हे सारे मनगटाच्या एका झटक्यात, ठरलेल्या क्रमाने व्हावे लागते. मार्लिन कंपनीच्या जुन्या रायफलींत या क्रमाचा भंग कसा होतो हे तेथील बंदूक दुरुस्त करणारे कारागीर नित्य पाहतात: तरफेची तीक्ष्ण कड उचलणाऱ्या पट्टीवर वर्षानुवर्षे घासून बारीकशी खाच पाडते, पट्टी इंचाचा काही सहस्रांश भाग खाली राहते, तेवढ्या फटीत दुसऱ्या काडतुसाची किनार घुसते, आणि तरफ धड उघडत नाही, धड मिटत नाही. त्या सहस्रांशांची हमी देण्यासाठी जे यंत्रकाम, जी तपासणी आणि जो अनुभवी हात लागतो, त्यांचाच खर्च किमतीत सर्वांत मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे.

नावातील १८५४ हे साल उगीच घातलेले नाही. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी त्या वर्षी नळकांड्यातून काडतुसे पुरवणाऱ्या तरफेच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. त्यातून निघालेली व्होल्कॅनिक कंपनी पुढे ऑलिव्हर विंचेस्टरच्या ताब्यात गेली आणि तिच्याच कारखान्यात बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० ची हेन्री रायफल सिद्ध केली. तिच्यातील, गुडघ्यासारखा दुमडणारा दोन दुव्यांचा सांधा दुबळ्या काडतुसांना पुरे पडे, जोरकस काडतुसांना नाही. ही उणीव बंदूकरचनाकार जॉन ब्राउनिंगने १८८६ च्या रचनेत बोल्टमागे उभे सरकणारे दोन भक्कम अडसर बसवून दूर केली, आणि त्याच्याच १८९४ च्या रायफलीने धूम्ररहित दारूचा वाढता दाब सहज पेलला. या शेवटच्या रायफलीच्या ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

पैसा वाचवण्याच्या उद्योगाने या घराण्याची काय दशा केली याचे दाखले मात्र अधिक बोधक आहेत. विंचेस्टरने १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी यंत्रावर कोरून काढलेल्या भागांऐवजी पत्र्यातून दाबून काढलेले भाग घातले, सांगाड्याचे पोलादही असे बदलले की त्यावर नेहमीचा निळसर मुलामा नीट चढेना. परिणामी आजही त्या सालाच्या आधीची रायफल ग्राहक जादा दाम देऊन घेतो. पुढे रेमिंग्टन कंपनीने मार्लिन विकत घेऊन कनेक्टिकटमधील तिचा कारखाना बंद केला व उत्पादन न्यूयॉर्क राज्यात हलवले, तेव्हा झिजलेली यंत्रे गेली पण ती चालवणारे बहुतेक हात गेले नाहीत, आणि कागदावरच्या नकाशांत न उतरलेली त्या हातांची विद्या मागेच राहिली. दर्जा इतका ढासळला की नाव टिकून असूनही विश्वास उडाला. रेमिंग्टनच्या दिवाळखोरीनंतर २०२० मध्ये रूगर कंपनीने मार्लिन घेतली, नॉर्थ कॅरोलिनात नव्याने घडी बसवली, आणि २०२१ च्या अखेरीस आणलेल्या पहिल्याच रायफलीला १,३९९ डॉलर मागितले. ग्राहकांनी ते दिले.

मागणीला कायद्याचाही हात लागला आहे. ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांनी दाट वस्तीच्या सपाट मुलुखात लांब पल्ल्याच्या रायफलींना हरणांच्या शिकारीस मज्जाव करून सरळ भिंतीच्या, कमी पल्ल्याच्या काडतुसांना मुभा दिली. ‘मॉडेल १८५४’ ज्यासाठी प्रथम आली ते .४४ मॅग्नम त्यांतलेच.

म्हणून १,२७९ डॉलर मला अवाजवी वाटत नाहीत. उंची अक्रोडी लाकडाच्या मर्यादित आवृत्तीचे ३,४९९ मात्र वाटतात, कारण तिच्यातील यंत्रणा तीच आहे आणि वरचे दोन हजारांहून अधिक डॉलर लाकूड, झिलई आणि दुर्मिळतेचे आहेत. ज्याला शिकारीस न्यायची आहे त्याने दुकानदाराच्या परवानगीने खोटी काडतुसे घालून तरफ आधी सावकाश आणि मग झपाट्याने चालवून पाहावी, दुसरे काडतूस वेळेआधी आत शिरते का ते पाहावे, आणि त्यानंतरच दस्त्याकडे नजर वळवावी.