दिवा लागला, पण वात कोण बदलणार?

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातले धरनई हे गाव तब्बल तीन दशके अंधारात होते. जुलै २०१४ मध्ये तेथे १०० किलोवॅटचा सौरऊर्जा प्रकल्प उभा राहिला. ग्रीनपीस व तिच्या सहकारी संस्थांच्या या प्रकल्पातून सुमारे ४५० घरांत दिवे लागले, शेतीसाठी १० पंपांची सोय झाली. देशभर कौतुक झाले. पण नीतीशकुमार गावात आले, तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली ती ‘असली बिजली’ची!

कृतघ्नपणा म्हणायचा का हा? मुळीच नाही. सौरविजेवर दिवा-पंखा चाले, फ्रीजला मात्र मनाई. लवकरच सरकारी तारा गावात आल्या, त्यांची वीज स्वस्तही होती. इकडे बॅटऱ्या थकल्या, नव्या कोणी बसवल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी या केंद्राचा गोठा झाल्याच्या बातम्या आल्या.

सूर्याने दगा दिला नव्हता. सौरपट्टी वीस-पंचवीस वर्षे टिकते; शिसे-आम्लाची बॅटरी मात्र जेमतेम चार-पाच. रोज तळापर्यंत उपसली, तर त्याहूनही कमी. म्हणजे पट्टीच्या एका आयुष्यात बॅटरी चार-पाचदा बदलायची. तो पैसा पहिल्या दिवसापासून गाठीला बांधला नाही, की प्रकल्पाचा शेवट ठरलेला!

आपल्याकडच्या गोबरगॅसची कथा वेगळी नाही. ज्या घरात रोज शेण कालवले जाते, लोखंडी टाकीला वेळच्या वेळी रंग लागतो, तिथे शेगडी पेटते. जिथे अनुदानापुरता उत्साह, तिथे टाकी गंजते.

२०१९ च्या ‘कुसुम’ योजनेनंतर सौरपंप शिवाराशिवारांत पोहोचू लागले. या पंपाला बहुधा बॅटरी लागत नाही. दिवसा पाणी उपसून शेततळ्यात साठवले, की तेच पाणी म्हणजे साठवलेली वीज. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाण्याची पाळी टळते, हे सुख थोडे नव्हे. पण कंट्रोलर बिघडला आणि दुरुस्तीला माणूस आठ-पंधरा दिवस आला नाही, तर? फुलोऱ्यातला हरभरा तक्रार-क्रमांकाची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून पंप घेताना अनुदान किती, हे विचारावेच. पण त्याआधी विचारावे, मिस्त्री कुठल्या गावचा? हाकेच्या अंतरावरचा असेल, तर निम्मी काळजी मिटली.