जुनं घर स्वस्तात मिळतंय? आधी विचारा, स्वस्त का?

दुकान टाकून तीन-चार वर्षं झाली, धंदा जरा बसला, की घरात एक विषय निघतोच. भाडं किती दिवस भरायचं? लग्न ठरायचं असेल तर पोरीकडचे पहिला प्रश्न धंद्याचा विचारत नाहीत, घर स्वतःचं आहे का ते विचारतात. मग आपण बघायला निघतो. धानोरा रोड, नगर रोडकडचे नवे फ्लॅट बजेटच्या बाहेर. गावाबाहेरचा प्लॉट स्वस्त, पण त्यावर बांधायला परत पैसे लागणार. अशात कुणीतरी सांगतं, जुन्या बीडमध्ये दोन खोल्या आहेत, पुढे छोटी ओसरी, बाजारपेठ पायी पाच मिनिटांवर. भाव ऐकून आपले डोळे चमकतात.

माझेही चमकले होते. २०१८ साली मी पेठ बीडमध्ये असंच घर घेतलं. आज मी तिथेच राहतो आणि निर्णय चुकला असं म्हणणार नाही. पण घेताना जी चूक केली तिने माझं शिलाई साहित्याचं दुकान वर्षभर लंगडत चाललं. म्हणून हा विषय व्हिडिओत अर्धवट सोडला होता तो इथे नीट लिहितोय.

जुनं घर स्वस्त मिळतं त्याला कारण असतंच. ते कारण शोधणं हेच तुमचं काम. काही कारणं पैसे टाकून दुरुस्त होतात. छत गळतं, वायरिंग जुनं आहे, संडास अंगणात आहे, हे सगळं दुरुस्त होणारं. काही कारणं मात्र कितीही पैसे टाकले तरी सुटत नाहीत. पहिल्या प्रकारचं कारण असेल तर भाव पाडून घर घ्या. दुसऱ्या प्रकारचं असेल तर चहा पिऊन उठा.

सह्या किती लागणार, ते आधी मोजा

मी गुढीपाडव्याला दीड लाख रुपये इसार दिला. चेकने दिला, एवढं तरी शहाणपण होतं. घर तिघा भावांचं, तिघंही समोर बसलेले, तिघंही राजी. नंतर कागद वकिलाकडे नेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बहिणी किती?" दोन होत्या. एक परळीला, एक पुण्याला. वडील वारलेले, वारस नोंदीत फक्त मुलांची नावं.

आता कायदा बघा. आपल्या राज्याने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्माने आहे. आणि घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असलं, मृत्युपत्र केलेलं नसलं, तरी मुलगी वारस आहेच. म्हणजे बहिणीची खरेदीखतावर सही हवी, किंवा नोंदणी केलेलं हक्कसोड पत्र हवं. "आमच्या बहिणी काही मागणार नाहीत" हे वाक्य कागदावर टिकत नाही.

परळीच्या ताईंनी महिन्याभरात सही दिली. पुण्याच्या ताई आठ महिन्यांनी आल्या. मी त्यांच्याकडे दोनदा गेलो. त्या म्हणाल्या, "मला पैसा नको होता रे. पण माझ्या बापाचं घर विकताना मला कुणी विचारलंच नाही." शेवटी भावांनी जाऊन माफी मागितली, तेव्हा व्यवहार पुढे सरकला. हे कोणत्याही सर्च रिपोर्टमध्ये सापडत नाही, म्हणून घर बघायला जाल तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजींशी अर्धा तास बोला. कोणाला किती मुलं, कोण रुसून गेलं, कोण वरच्या खोलीत अजून राहतं, सगळं कळतं.

या आठ महिन्यांत माझे दीड लाख अडकले. ते पैसे घरासाठी साठवलेले नव्हते, लग्नसराईच्या मालाचे होते. अस्तर, लेस, फॉल, सगळ्यात माल अर्धा. गिऱ्हाईक एकदा "नाही" ऐकून गेलं की पुढच्या वेळी ते आपल्या पायरीपर्यंत येतच नाही. ती गिऱ्हाइकं परत मिळवायला मला पुढची दिवाळी लागली.

कागद: कोणता खरा, कोणता नुसता

आपल्याकडे नगर परिषदेचा उतारा आणि घरपट्टीची पावती दाखवून "घर आमच्या नावावर आहे" असं सांगतात. ती नोंद कर वसूल करण्यासाठी असते. तिने मालकी सिद्ध होत नाही. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका मागा, म्हणजे आपण ज्याला पीआर कार्ड म्हणतो ते. महाभूमीच्या संकेतस्थळावरही काढता येतं. त्यावर नाव कोणाचं, क्षेत्र किती, बोजा आहे का आणि धारणाधिकाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. क्षेत्र टेपने मोजून ताडून पाहा. जुन्या गल्लीत ओसरी कागदावर नसते, नुसती पुढे सरकलेली असते.

धारणाधिकार का बघायचा? आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी मराठवाड्यात भरपूर आहेत, आणि त्यातल्या कितीतरी आज शहराच्या आत आल्यात. देवस्थान इनाम किंवा वक्फची जागा असेल तर तीन पिढ्या राहणाऱ्या माणसालाही ती परस्पर विकता येत नाही. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघाले तर वाचणारा माणूस शोधा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

मग दुय्यम निबंधकाकडची मागच्या तीस वर्षांची नोंद वकिलाकडून तपासून घ्या. स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. खर्च थोडा असतो आणि कुणाचा हक्क असेल तर तो तेव्हाच उठून येतो.

आणि बाँडवरचा व्यवहार करू नका. नोटरी करून, मुखत्यारपत्र करून घर "नावावर" करून देणारे अजून आहेत. शंभराचा बाँड जाऊन २०२४ मध्ये पाचशेचा झाला, एवढाच फरक. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. नोंदणी केलेलं खरेदीखत लागतं.

घर बघायचं ते पावसाळ्यात

जुन्या बीडमधली बरीच घरं माळवदाची. दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. उन्हाळ्यात थंड, पण दर पावसाळ्याआधी वरची माती बघावी लागते. तुळईला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी आहे. भिंत सामायिक असेल तर तुमचं पाडून नवं बांधताना शेजाऱ्याचंही खाली येईल, त्याच्याशी आधी बोला.

बिंदुसरेच्या जवळ घर असेल तर जाणत्या माणसाला विचारा, १९८९ च्या जुलैत पाणी कुठपर्यंत आलं होतं? त्या पुरात शहरात माणसं गेली आहेत. भिंतीला हात लावून दाखवणारी माणसं अजून भेटतील. पूररेषेचा नकाशाही नगर परिषदेत विचारा. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर बंदी असते, म्हणून घर पडलं तर परत बांधता येईल का, ते आधी विचारा.

तिथेच विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय तेही बघा. पुढच्या खोलीत दुकान काढायचं मनात असतं आपल्या, आणि रुंदीकरणात नेमकी तीच खोली जाते. पुढच्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर भाडे नियंत्रण कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. रिकामं करून देतो असं विकणारा म्हणाला तर म्हणा, आधी रिकामं करा, मग खरेदीखत.

पाण्याचं विसरू नका. नळ कितव्या दिवशी येतो आणि हौद किती लिटरचा आहे, हे शेजाऱ्याला विचारा. घरमालक खोटं बोलेल असं नाही, पण तो विकायला बसलाय.

आता हिशोब

समजा घर १४ लाखांना ठरलं. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, माळवद बघतो आणि जवळजवळ फक्त जागेची किंमत धरतो. समजा ११ लाख. त्याच्या ८० टक्के कर्ज मिळालं, तर ८ लाख ८० हजार. वरचे ५ लाख २० हजार तुमचे. मुद्रांक, नोंदणी, वकील मिळून अंदाजे एक लाख. छत आणि वायरिंगला दीड लाख धरा. एकूण ७ लाख ७० हजार खिशातून. "थोडेच पैसे भरावे लागतात" म्हणणारा एजंट हे गणित कधीच मांडत नाही.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर यातल्या जास्तीच्या रकमेवर लागतं, म्हणून रेडी रेकनर आधी बघा. कुटुंबात कुणाच्याच नावे पक्कं घर नसेल आणि वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं अनुदान आहे. ते हप्त्याहप्त्याने येतं, बँकेत पात्रता विचारा. इसार रोख देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१५ पासून आयकर कायद्यात बसत नाही, आणि उद्या व्यवहार मोडला तर रोखीचा पुरावा कुठून आणणार?

८ लाख ८० हजारांना ९ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता साधारण ८,९०० रुपये. तो दिवाळीच्या महिन्यावर तोलू नका. माझ्या धंद्यात पितृपंधरवडा म्हणजे शुकशुकाट. त्या महिन्याचा निव्वळ नफा घ्या, त्यातून घरखर्च काढा, उरलेल्यात हप्ता बसतो का बघा. बसत नसेल तर अजून वर्षभर भाड्याने राहा. आणि मालाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याचं चेकबुक घर बघायला जाताना सोबत नसेल.

आयकर विवरणपत्र दोन-तीन वर्षं नियमित भरलेलं नसेल तर बँक दारातच अडवते. कमी उत्पन्न दाखवून वाचवलेला कर इथे आडवा येतो. मला हे २०१८ मध्ये कळलं, तोवर दोन वर्षांचं विवरणपत्र भरलेलंच नव्हतं.

आता रेल्वेचं. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक एजंटच्या तोंडी स्टेशन आहे. तुमचं गिऱ्हाईक सुभाष रोडला येतं. स्टेशनच्या नावाने लाख-दीड लाख जास्त मोजायचे का, ते तुमच्या गल्ल्याला विचारून ठरवा.

पुढच्या व्हिडिओत माझ्याच घराचं पीआर कार्ड समोर ठेवून प्रत्येक रकाना वाचून दाखवतो. तुमच्या मनात एखादं घर असेल तर त्याचा सिटी सर्व्हे नंबर तोवर काढून ठेवा.