ओटा फुटला, स्वयंपाक कुठे करायचा?

नवं स्वयंपाकघर करायचं ठरलं की शटरचा रंग, हँडलचा आकार, चिमणी कोणती घ्यायची यावर घरात महिनोन्महिने खल चालतो. जुना ओटा फुटल्यापासून नवा बसेपर्यंत घरातल्या चार-पाच जणांनी खायचं काय, भांडी कुठे घासायची आणि पिण्याचं पाणी कुठल्या नळाला भरायचं, हा विषय मात्र 'बघू काहीतरी' एवढ्यावर मिटतो. पुण्या-मुंबईतल्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायट्यांमध्ये हे काम आता घरोघरी निघतं. कडप्प्याचा ओटा, खाली पडदा, वर भिंतीला स्टीलची मांडणी अशी ती स्वयंपाकघरं. कामापुरतं भाड्याचं घर घेणं परवडत नाही, मुलांच्या शाळा सुटत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना हलवणं जिवावर येतं. मग राहत्या घरातच घण पडतो.

'ताई, पंधरा दिवसांत सगळं तयार' असं कंत्राटदार म्हणतो. तो अगदीच थाप मारत नसतो. तो आपल्या माणसांच्या हजेऱ्या मोजतो, सिमेंटचे दिवस मोजत नाही, इतकंच. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून नव्या प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारत राहावं लागतं. सिंकखालच्या आणि ड्राय बाल्कनीतल्या जमिनीला वॉटरप्रूफिंग केलं, तर तिथे पाणी कोंडून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खाली झिरपतंय का बघायचं. या दिवसांत घरात कामगार दिसत नाही, म्हणून आपण फोन करकरून त्याला बोलावून घेतो आणि तो येऊन ओल्यावरच टाइल लावून जातो. नुकसान आपलंच.

कामाचा क्रम एकदा समजला की बरीच धास्ती कमी होते. तोडफोड, मग नळाचे पाइप आणि वायरिंग, मग प्लास्टर, टाइल, ग्रॅनाइटचा ओटा. ट्रॉल्यांचं माप घ्यायला माणूस येतो तो यानंतर, कारण तयार भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर तेव्हाच पक्कं कळतं. मग ट्रॉल्या कारखान्यातून यायला काही आठवडे जातात. खरे हाल होतात ते पहिल्या टप्प्यात. ट्रॉल्यांची वाट बघणं त्यामानाने सुसह्य असतं. पण त्यासाठी ओटा बसला की लगेच सिंक आणि नळ चालू करून घ्यायला हवेत. 'सगळं एकदमच फिट करू' या बोलण्याला अजिबात मान डोलावू नये. नळ चालू असेल तर उघड्या ओट्याखाली डबे ठेवूनही संसार चालतो. आणि टाइल, नळ, सिंक, ग्रॅनाइट हे सगळं पसंत करून पैसे भरल्याशिवाय ओट्यावर पहिला घाव घालू देऊ नये. टाइलचा एक खोका कमी पडला आणि तो शेड संपला, की घर तिथेच अडून बसतं.

तात्पुरतं स्वयंपाकघर म्हटलं की सगळ्यांची नजर गॅलरीकडे जाते. नेमकी तीच गॅलरी ग्रॅनाइट कापणाऱ्यालाही हवी असते. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि गॅसचा सिलिंडर एका जागी नकोत, त्यामुळे गॅलरी कोणाची हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. गॅस वापरायचाच असेल तर सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्याहून उंच, टेबलावर, हे पाळायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. तेव्हा बंद बेडरूममध्ये ही मांडामांड नको. पाइपचा गॅस असेल तर ती लाइन कंपनीच्याच माणसाकडून बंद करून आणि सरकवून घ्यायची. आपला प्लंबर 'मी करतो ना' म्हणाला तरी नाही.

बहुतेक जण इंडक्शनवर येतात, आणि तिथे विजेचं गणित आडवं येतं. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपियर वीज ओढते. हॉलमधलं टीव्हीचं सॉकेट असतं ६ अँपियरचं. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड लावून कुकर चढवला की प्लग तापतो, प्लास्टिक जळल्याचा वास येतो. इलेक्ट्रिशियन घरात येणारच आहे. त्याच्याकडून पहिलं काम म्हणून, तोडफोडीच्याही आधी, जिथे चूल मांडायची तिथे १६ अँपियरचा पॉइंट काढून घ्यावा. भांड्यांची परीक्षा त्याहून सोपी. फ्रिजवरचं चुंबक बुडाला चिकटलं तर ते भांडं इंडक्शनवर चालतं. आपला अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर आणि गोल बुडाची कढई तिथेच बाद होतात. मसालेभात, खिचडी, वरणभात निघतो. पोळ्यांसाठी सरळ कोपऱ्यावरचं पोळीभाजी केंद्र गाठावं. या काळात घरच्या बाईने रोज पोळ्याही लाटाव्यात ही अपेक्षा ज्या घरात असेल, त्या घराने ओट्याआधी दुसरंच काहीतरी दुरुस्त करायला हवं.

भांडी बाथरूममध्ये घासली जातात, त्याला इलाज नाही. पण त्याच बाथरूममध्ये गवंडी संध्याकाळी घमेली आणि थापी धुतो. सिमेंट पाण्यातही घट्ट होतं हे वर आलंच आहे. ते नहाणीच्या ट्रॅपमध्ये बसलं की महिन्याभराने पाणी तुंबतं आणि तोवर गवंडी तिसऱ्याच घरी असतो. अवजारं बादलीत धुवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि गाळ राडारोड्याच्या पोत्यात भरायचा. हा राडारोडा कचरापेटीत किंवा नाल्याकाठी टाकता येत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बांधकामाबरोबर दुरुस्तीच्या कचऱ्याचीही जबाबदारी तो करणाऱ्यावर टाकली. म्हणजे टेम्पो कुठे रिकामा होतो हे विचारण्याचं काम आपलं.

सगळ्यात चिवट गोष्ट धूळ. ती दाराच्या फटीतून येते, कपाटात जाते, पिठाच्या डब्यात उतरते आणि मग भाकरी दाताखाली कचकचते. स्वयंपाकघराच्या दाराला जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावावं. ज्या खोलीत जेवायचं तिच्या उंबऱ्याशी ओलं पोतं टाकावं. फ्रिज चालू असेल तर त्याला गुंडाळून टाकू नये. मागची बाजू मोकळी नसेल तर उष्णता बाहेर पडत नाही. मिसळणाचा डबा, मीठ, चहा-साखर एवढंच बाहेर, बाकी सगळं तोंड बांधून.

पण टाइल आणि दगड कोरडे कापताना उडणारी धूळ नुसती केरसुणीने झाडण्यासारखी नसते. तिच्यातला सिलिकाचा बारीक कण डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात खोल जातो आणि वर्षानुवर्षं असं काम करणाऱ्याला सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. सध्या फॅशनमध्ये असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही पुढे असू शकतं, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त. कामगारांच्या या आजारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवण्या-विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे तोच दगड कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून गॅलरीत बसलेला असतो. दगड शक्यतो दुकानातूनच मापात कापून आणावा. घरात कापायचा असेल तर पाणी सोडत कापायचा, ही अट ठरवतानाच घालावी. चिखल होतो, तो पुसता येतो.

घरात राहण्याचा एक फायदा मात्र मोठा आहे. आपली नजर राहते. सनमायका चढण्याआधी प्लायवूडवरचा शिक्का वाचता येतो: सिंकखाली आयएस ७१० हवं, म्हणजे मरीन प्लाय. एकदा लॅमिनेट बसलं की आत काय आहे ते फक्त पाण्यालाच कळतं. तसंच, टाइल लागण्याआधी पाइप आणि वायरी उघड्या असताना भिंतीला टेप धरून फोटो काढून ठेवावेत. पुढे चिमणीसाठी किंवा फळीसाठी भिंतीला ड्रिल लावताना हेच फोटो पाइप वाचवतात.

मुहूर्ताचं म्हणाल, तर 'गणपतीच्या आत' ही मुदत निम्मं गाव देतं, त्यामुळे त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत चांगला फरशीवाला मिळत नाही. दिवाळी-छठला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा आणि लिफ्टचा नियम आधीच विचारून घ्यावा. भिंत पाडायची किंवा बीमला हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता हातात ठेवावा. तो देण्याआधी नव्या सिंकमध्ये काठोकाठ पाणी भरून एकदम सोडा, मग खालच्या मजल्यावर जा आणि त्यांच्या छताला ओल आलीय का ते स्वतः बघून या.